कोरडी बादली

सोंड्या भुंगा अंगठ्याच्या पेराएवढा असतो. विटकरी रंगाचा, तोंडापुढे वाकलेली सोंड. तळहातावर घेतला तर चावत नाही. नुसता घट्ट धरून बसतो.

गडगा म्हणजे चिऱ्यांची, चुन्याशिवाय रचलेली भिंत. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ चढलं की दोन्ही बाजूंनी ती सारखीच हिरवी दिसते.

माझ्या धाकट्या भावाच्या पावलांना आतल्या बाजूने जाड घट्टे होते. तो झोपला असताना एकदा मी त्यांत सुई टोचून पाहिली. तो जागा झाला नाही.

सापळ्यातील पाणी आटू देऊ नये.

माझा नवरा मोतीराम जेवताना बोलत नसे.

भिंतीपलीकडे बसून कोणीतरी कुरमुरे खातंय, असा आवाज. सावकाश.

*

आमची पाडी, म्हणजे लहान कालवड, दावं तोडून गेली, म्हणून मी गडगा ओलांडला. एरवी ओलांडला नसता. पलीकडे बाबलभावजींची वाडी. बाबल हा मोतीरामचा सख्खा चुलतभाऊ, आणि दोन घरांतलं बोलणं मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षीच बंद झालं होतं.

कारण माडांची एक रांग. गडग्याला लागून जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. मोतीराम मुंबईला कामाला होता तेव्हा बाबलभावजींनी तिच्यात माड लावले. हा परत आला तेव्हा ते माणसाच्या उंचीचे झाले होते. पट्टी आमची, असं हा म्हणायचा. माड माझे, असं ते म्हणायचे. गावातल्या जाणत्यांनी माडांकडे बघून मान हलवली आणि ते उठून गेले. आता त्या माडांना नारळ लागत होते आणि दर पाडणीला मोतीराम ओटीवर बसून नारळ जमिनीवर आपटल्याचे आवाज ऐकत बसायचा.

पाडी त्याच रांगेत सापडली. एका माडाचा बुंधा चाटत उभी होती. बुंध्यावर बोट जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून काळपट, चिकट पाणी ओघळलं होतं. तिला ते गोड लागत असावं. मी तिच्या गळ्यात हात घालून तिला ओढलं, तेव्हा माडामागची बादली दिसली.

गडग्याच्या बाजूला, छातीच्या उंचीवर तारेने बांधलेली. वरून सुकी झावळं सोडलेली, वाडीतून येणाऱ्याला दिसू नये म्हणून. बाबलभावजींचे गुडघे गेले होते, नारळ पाडायच्या दिवसाशिवाय ते या टोकाला फिरकतही नसत. बादलीला गोणपाट गुंडाळलेलं होतं आणि गोणपाटावरचे टाके माझे होते. हिरव्या दोऱ्याचे. दोरा संपला म्हणून शेवटचे चार पांढऱ्याचे.

*

बादल्या आदल्या वर्षी मिळाल्या. तालुक्याहून कृषी अधिकारी आला होता, शाळेच्या मैदानात सगळे वाडीवाले जमले होते. चष्मा घातलेला, हसरा माणूस. त्याने बादली उचलून दाखवली. वरच्या कडेखाली भोकं, बाहेरून गोणपाट, म्हणजे भुंग्याला चढता येतं. झाकणाला आतून वासाची पुडी. आत पाणी, त्यात गूळ, केळं आणि औषध.

“वासाने भुंगे लांबून येतात,” तो म्हणाला. “बादलीत शिरतात, पाण्यात पडतात, मरतात. पण पाणी नसेल तर? मग तुम्ही भुंग्यांना नुसतं जेवायला बोलावलं. ते येणार, बघणार, आणि शेजारच्या माडात पानावर बसणार.”

लोक हसले. कोणीतरी मागून म्हणालं, “सायब, म्हणजे आमच्या व्याह्यांसारकेच!” आणखी हसले.

बाबलभावजी आले नव्हते. त्यांच्या वाटणीच्या बादल्या मोतीरामने मागून घेतल्या. “शेजारीच आसा, मी पोचवतंय,” म्हणाला. मला फार बरं वाटलं. मी घरी येऊन सगळ्यांना गोणपाट शिवलं. बादल्या त्याने खाडीकडच्या टोकाला लावल्या, असं मला सांगितलं. तिकडे जायचं मला कधी काम पडलं नाही.

*

मी झाकण उचललं. आत काही नव्हतं. सुकलेल्या पाण्याची रेघसुद्धा नव्हती. तळाला बादली विकत घेताना असते तशी पांढरीशुभ्र. झाकणाला लटकलेली पुडी मात्र नवी होती. तिच्यावर धूळ बसायला अजून वेळ होता. पिकून आंबायला लागलेल्या फळासारखा मंद वास.

गोणपाटावर भुंगे चालत होते. एक भोकातून आत गेला. मी पाहत होते. थोड्या वेळाने दुसऱ्या भोकातून बाहेर आला, पंख उघडले आणि वरच्या माडावर जाऊन बसला.

मी माडाला कान लावला. आमच्याकडे लहान मुलांनाही ते माहीत असतं. निरोगी माड आतून गप्प असतो.

हा गप्प नव्हता. आत अळ्या चरत होत्या. पुढच्या माडाला कान लावला. त्याच्याही पुढच्याला. पूर्ण रांग कुरमुरे खात होती. वर बघितलं तर शेंडे हिरवेगार, वाऱ्यावर हलतायत, नारळांचे घोस लटकतायत.

*

येताना बाबलभावजी त्यांच्या अंगणात दिसले. बोलणं बंद असल्यामुळे ते पाडीशी बोलले.

“काय गे पाडी, माज्या वाडीत काय हरावला तुजा? तुज्या मालकिणीक सांग, परवा लवू येतलो नारळ पाडूक. तेवा दावा घट्ट बांध म्हणा. डोक्यार नारळ पडलो तर माज्या नावान बोंब.”

मीही पाडीलाच म्हटलं, “आयकलंस मा गे? बांधून घालूया.”

“खालच्या रांगेपासून सुरू करतलो,” ते म्हणाले. पाडीने कान हलवले.

लवू माझा भाऊ. तो पाडेली होता. आमच्याकडे माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला पाडेली म्हणतात.

*

पुडी हाताळताना हातमोजे घालावेत. हाताला लागलेला वास माडाला लागू देऊ नये.

*

दुपारी मोतीराम जेवायला बसला. मी आमटी वाढली आणि म्हटलं, “गडग्याकडे आपली बादली आसा.”

तो जेवत राहिला.

“बाबलभावजींच्या माडाक बांधलेली.”

“सापळो आसा तो. सरकारी.”

“पाणी नाय तेत.”

“सुकला असात.”

“पडलाच नाय कधी. मी बघितलंय.”

त्याने मान वर केली. रागावलेला दिसला नाही. हिशेब तपासणाऱ्या माणसासारखा दिसला.

“माड कोणाचे?” त्याने विचारलं.

“बाबलभावजींचे.”

“आणि जागो?”

मी भाताचं भांडं पुढे ओढलं.

“माड आसत म्हणान जागो तेचो. माड नाय तर जागो कोणाचो? मी कोणाच्या झाडाक कुराड लावूक नाय. कोणाच्या मुळात काय ओतूक नाय. भुंगे आसत ते. खय बसूचा ता तेंका कळता.”

“परवा लवू चढतलो थय.”

घास त्याच्या तोंडाजवळ थांबला. हे त्याला माहीत नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. बाबलभावजी दर वेळी वेंगुर्ल्याकडचा पाडेली आणायचे. यंदाच त्यांनी लवूला सांगितलं होतं. त्याने घास परत ताटात ठेवला.

“तेका सांग, ताप इलो म्हणान. जाव नको म्हणा.”

“बाकीचा?”

“बाकीचा काय?” तो म्हणाला. “ह्या घरातसून एक शबूद भायर गेलो, तर तूय भायर. मगे रव भावाकडे, दोघां मिळान माडाक कान लावत बसा.” मग त्याने ताट पुढे सरकवलं. “आमटी घाल.”

मी घातली.

*

लवूच्या घरी जाताना खाडीच्या बांधावरून मी मनात वाक्यं जुळवत होते.

लवू, परवा जाव नको.

लवू, माका वायट सपान पडला.

लवू, तुका ताप इलो हा.

लवू, भावजींच्या खालच्या रांगेत आतसून कायएक उरूक नाय.

लवू, तुजो भावोजी

बांध संपला.

*

तो एकटा नव्हता. अंगणात सगुण बसला होता. सगुण त्याचा जोडीदार, दोडामार्गाकडून आलेला, काळा, सडपातळ, तोंडाला कुलूप नसलेला पाडेली. दोघं पायात घालायचे दोरीचे फास वळत होते.

“इली वैनी!” सगुण ओरडला. “बरा झाला. तुज्या भावाची तक्रार करूची आसा माका. म्हातारो झालो हो. काल शेंड्यार चढलो आणि थयच न्हिजलो.”

“गप रे,” लवू म्हणाला.

“देवाशप्पथ! मी खाली उभो. बघतंय, बघतंय, नारळ काय पडना. वर जाऊन बघतंय तर हो घोरता. माकडां हसत होती.”

“झावळात मुंगळे होते. ते झाडत होतंय मी.”

“डोळे मिटून?”

लवू हसला. मलाही हसू आलं असावं, कारण सगुण खूश झाला. मग त्याने माझ्याकडे नीट बघितलं. बडबड्या होता, पण त्याच्या ध्यानातून काही सुटत नसे.

“वैनीक भावाकडे कायतरी बोलूचा आसा,” तो उठत म्हणाला. “मी आपलो जातंय. भावोजीन कायतरी सांगान धाडल्यान असतला. लवू, बोलणी खायची ती तू एकटोच खा रे बाबा.”

“बस मरे,” लवू म्हणाला. “आक्का काय परकी नाय.”

सगुणने माझ्याकडे बघितलं. बस म्हटलं असतं तर तो बसला असता.

“सगुण, बायल वाट बघीत असात तुजी,” मी म्हटलं.

“बगलंस?” तो लवूला म्हणाला. “सरळ सांगतत, चल फूट!” शीळ घालत तो गेला. शीळ वळणापलीकडे जाईपर्यंत मी थांबले.

*

आधी मी तापाचंच सांगितलं. लवूने कपाळाला हात लावून बघितला.

“खय आसा ताप?”

“येतलो.”

“आक्का, काय झाला ता सांग.”

मी सांगितलं. बादली, टाके, नवी पुडी, कुरमुरे, आमटी. सगळं. तो पाऊल मांडीवर घेऊन घट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिला. माझं सांगून झालं तरी फिरवत राहिला.

“सगळी रांग?”

“सगळी.”

“शेंडे?”

“हिरवेगार.”

“मेल्यांनी,” तो म्हणाला. कोणाला ते मला कळलं नाही.

पाडेल्यांची एक रीत असते. एखादा माड चढण्यालायक नाही असं ज्याला वाटतं, तो हिरव्या झावळाची पाती काढून बुंध्याला गाठ मारतो. मालकाला तो काही सांगत नाही, दुसऱ्याच्या माडाला तोंडाने वाईट म्हणणं त्यांच्यात चालत नाही. पण गाठ दिसली की त्या माडावर कोणताच पाडेली चढत नाही, मग मालक कितीही डोकं आपटो. का, हे चढणारा विचारतही नाही.

“तू नाय गेलंस तर दुसरो कोण जायत,” मी म्हटलं. “गाठ मारून ये.”

“मारतंय.”

“सगळ्यांका.”

“सगळ्यांका. उद्या सकाळीच जातंय.” मग तो हसला, उगाच, मला बरं वाटावं म्हणून. “तू घराक जा. आणि भावोजींका सांग, लवूक सणसणून ताप भरलो हा. रजईत गुंडाळून ठेवलो हा म्हणा.”

मी उठले. अंगणाच्या कडेला पोचले तेव्हा तो मागून म्हणाला, “आक्का, तुका रात्री न्हीज येता त्या घरात?”

मी म्हटलं, “येता.”

*

लवू आता गोव्यात एका हॉटेलात स्वयंपाक करतो. तळमजल्यावर.

*

पाडणीच्या सकाळी मी विहिरीवर होते. आदल्या दिवशी मी मुद्दाम गडग्याकडे गेले नव्हते. गाठी बघायला गेले आणि कोणी बघितलं तर, असं वाटलं. बादली मात्र मोतीरामने काढून आणली होती. ती न्हाणीघरामागे पालथी घातलेली होती, गोणपाट सोडवून.

पहिला नारळ पडल्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, वरच्या रांगेत पाडतायत. दुसरा पडला. आवाज जवळचा होता.

मग वरून शीळ ऐकू आली.

कळशी विहिरीत सोडून मी धावले. गडग्याचे चिरे माझ्या पायाखालून सुटले, गुडघा फुटला, ते नंतर कळलं. खालच्या रांगेच्या दुसऱ्या माडावर सगुण होता. पार शेंड्यात. एक हात देठात अडकवलेला, दुसऱ्यात कोयता. खाली बाबलभावजी काठी टेकून नारळ गोळा करत होते.

बुंध्याला काही नव्हतं. ना त्या माडाच्या, ना कुठल्याच.

“सगुण!” मी ओरडले. “उतर!”

त्याने खाली बघितलं. “वैनी, तू? गडगो ओलांडून? आज सूर्य खयसून उगावलो?”

“उतर आधी! माड पोखरलो हा!”

“काय?”

वर वारा होता. तो कान पुढे करून वाकला, आमच्याकडे वाकतात तसा, एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ऐकायला वाकावं तसा आपुलकीने. त्याचं सगळं वजन एका बाजूला आलं.

फार आवाज झाला नाही. ओलं लाकूड मोडताना होतो तेवढाच. शेंडा तसाच्या तसा, झावळांसकट, घोसांसकट, कलला. सगुणने त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. कोयता वेगळा पडला. मग बाकीचं.

माडाचा उरलेला बुंधा उभाच होता. वरून त्यातून भुसा गळत होता, भाताचा कोंडा पाखडावा तसा, आणि त्या भुशात पांढऱ्या, जाड अळ्या.

*

मेलेला माड लगेच तोडून जाळावा. बुंधा वाडीत ठेवू नये.

*

मोतीराम गडग्यावरून उडी मारून आला. मी त्याला त्या भिंतीपलीकडे पहिल्यांदाच बघत होते. त्याने सगुणच्या छातीवरची झावळं बाजूला केली, डोकं मांडीवर घेतलं, त्याच्या नाकाशी हात धरला. मग पुन्हा धरला, पुन्हा. ते नाटक नव्हतं.

बाबलभावजी मातीत बसले होते. ते माझ्याकडे बघत म्हणाले, पाडीकडे नाही, माझ्याकडे, इतक्या वर्षांनी: “मथुरा, तुका कसा कळला? पोखरलो हा म्हणान तुका कसा कळला गो?”

मी तोंड उघडलं.

“पाडी चाटी होती थय,” मोतीराम म्हणाला. मान वर न करता, सगुणच्या केसांतली माती काढत. “माडातसून पाणी येता म्हणान ती माका म्हणाली. मी म्हटलंय, बाबलाक सांगूया. तोपर्यंत…” आणि तो रडायला लागला. बाबलभावजींनी सरकत येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं चुलतभाऊ त्या माणसाच्या दोन बाजूंना बसून रडले. गाव जमेपर्यंत ते तसेच बसले होते, आणि गावाने बघितलं ते एवढंच.

*

पोलीसपाटील आला, पंचनामा झाला. सगुणची बायको आली, तिच्याबद्दल मी लिहिणार नाही.

गावाचं म्हणणं पडलं की राखणदार कोपला. वाडीच्या हद्दीवर जो देव बसलेला असतो, त्याला दर वर्षी दोन्ही घरांनी मिळून नारळ ठेवायचा असतो. भांडणामुळे तो कित्येक वर्षं कोणीच ठेवला नव्हता. मोतीराम म्हणाला, आता ठेवूया. बाबलभावजी हो म्हणाले. सगुणचे दिवस झाल्यावर एका दुपारी गडग्याशी सगळे जमले. तुटलेला बुंधा अजून तिथेच होता. गावच्या मानकऱ्याने, गावकाराने, पानाचा विडा मांडला, लवूने नारळ आणून दिला, आणि मोतीराम व बाबलभावजी हात जोडून शेजारी शेजारी उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा!” गावकाराने गाऱ्हाणं सुरू केलं. “ह्या वाडीच्या राखणदारा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“आज ही तुजी लेकरां भांडाण इसरान तुज्या पायाकडे इली हत.”

“व्हय म्हाराजा!”

“काय चुकला-माकला असात, ता पोटात घाल.”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या माडांवर कोणी वायट नजर घातल्यान असात, कोणी आड हात घातल्यान असात, तर तेका उजेडात हाड आणि तेच्या करणीचा माप तेच्या पदरात घाल रे म्हाराजा!”

मोतीराम सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. लवूही म्हणाला, खाली बघत. बायका मागे उभ्या होत्या. आम्हीही म्हणालो.

“व्हय म्हाराजा!”

नारळ फोडला. चांगला निघाला. लोकांना हायसं वाटलं. मोतीरामने खोबऱ्याचा तुकडा बाबलभावजींच्या तोंडात घातला आणि म्हणाला, “उरलेले माड काढून टाकूया आता. जीव जाण्यापरास बरा. पट्टी तशीच ऱ्हांवदे, कोणाचीच नको.”

“तुजीच रे ती,” बाबलभावजी म्हणाले. “घे बाबा. माका नको ती जागा. माका थय बघवत नाय.”

*

लोक पांगले. लवू गडग्यावर बसला होता. मी त्याच्याशेजारी उभी राहिले.

“गाठ खय होती?” मी विचारलं.

“मारूक नाय.”

“मारतंय म्हणालंस.”

“गेल्लंय मी. पाती काढलंय, माडाकडे गेलंय. मगे वाटला, सगळ्या रांगेक गाठी दिसल्यार बाबल गप बसतलो? तालुक्याच्या सायबाक बोलवीत, सायब माड बघीत. बादली टांगल्याची तार अजून होती थय. तुज्या घरापर्यंत येवक तेंका कितीसो वेळ?” त्याने हातातला खोबऱ्याचा तुकडा गडग्यावर ठेवला. “माका वाटला, मी आजारी म्हटल्यार बाबल थांबतलो. म्हयनोभर तरी. तोपर्यंत शेंडे आपसूकच पडले असते. सगुणाक बोलवतलो असा नाय वाटला.”

“सगुणाक तरी सांगूचा होता.”

“सगुणाचा तोंड तुका म्हाईत आसा. सांजेक गावभर झाला असता.”

पलीकडे मोतीराम पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होता. मध्येच थांबून त्याने एक उलटलेला चिरा पायाने सरळ केला.

“तुजा घर रवला मा?” लवू म्हणाला.

मोतीरामने तिथून हाक मारली, “येतंस मा गो? चाय ठेव.” मी गेले.

*

माझ्या लग्नाच्या मांडवावर घातलेली झावळं सगुणने काढली होती. तेव्हा तो गावात नवीन आला होता आणि आमच्यापैकी कोणालाच त्याचं नाव माहीत नव्हतं.